उत्तरेच्या भिंतीतला दीर्घ ऊ

दि. ४ जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझे पत्र परवा मिळाले. गुडघा दुखतो हे तू अगदी शेवटच्या ओळीत लिहिलेस, म्हणजे फारच दुखत असणार. डॉक्टर जिना चढू नका म्हणाले, त्याचा अर्थ जिना सावकाश चढा असा होत नाही.

आता बातमी. साहेबांचे घर पाडणार आहेत. टेकडीवरचे तेच, ज्याच्या भिंती ओतायचे लाकडी साचे बाबांनी बांधले. साहेब गेल्यापासून ते बंदच आहे. आता त्यांच्या मुलीने, म्हणजे तुझ्या ताईसाहेबांनी, पाडण्याची परवानगी मागितली आहे. तिथे अकरा मजले उभे राहायचे आहेत.

हे मला कळले ते आमच्या दुकानात. घर वाचवू पाहणारे एक निवृत्त ड्रॉइंग सर फलक रंगवून घ्यायला आले होते. त्यांचे म्हणणे, एवढ्या मोठ्या वास्तुविशारदाने स्वतःसाठी बांधलेले घर आहे, गिलावा न केलेली नुसत्या काँक्रीटची एवढी मोठी भिंत आपल्या गावात दुसरी नाही, ते लोकांना बघायला मिळाले पाहिजे. मी मान डोलावली. मी कोणाचा मुलगा हे सांगितले नाही.

खरे सांगतो, फलकावर मुद्दाम एक चूक करावी असे मनात आले. बाबांना हसले तसे सगळे गाव यांनाही हसू दे. ब्रश टेकवला, पण हात वळेना. उलट सरांच्या कागदावर ‘वास्तु’ ऱ्हस्व होता, तो मी दीर्घ केला. वर सरांची शाबासकी मिळाली. स्वतःचीच चीड आली.

घर पडेल त्या दिवशी मी रजा घेऊन समोरच्या फुटपाथवर उभा राहणार आहे.

एक राहिले. तुझ्या पत्राच्या शेवटी नेहमीप्रमाणे ‘ऊत्तर धाड’ आहे. आत्या, ऱ्हस्व उ. बाकीचे काहीही चुकव, निदान आपल्या घरात तरी हा एक शब्द बरोबर असावा. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
भाचा

दि. ११ जानेवारी

चि. खोडरबरास,
अनेक आशीर्वाद.

पडू दे. पहिला घाव मला घालू देतील का, तेवढं विचारून ठेव. गुडघा बांधून येईन.

तुझ्या बापाने तुला ही गोष्ट कधी दोन वाक्यांपुढे सांगितली नसेल. मी सांगते, कारण साहेबांकडे नोकरीला मी होते आणि भावाला ते काम मीच मिळवून दिलं. एक भिंत तेवढी राहिली होती, बाकीच्या घरात साहेब राहायला आले होते. ऊत्तरेच्या भिंतीच्या फळ्यांचा गठ्ठा ओळखू यावा म्हणून त्याने वरच्या फळीच्या मागच्या अंगाला पटाशीने दिशा कोरली होती. ऐन वेळी साहेबांना वाटलं, फळ्यांचं रंधा न मारलेलं अंग आत घ्यावं, म्हणजे लाकडाच्या रेषा भिंतीवर उठतील. सगळ्या फळ्या उलट्या झाल्या. हुकूम त्यांचा. त्या घाईत कोरलेली फळी कोणाच्या लक्षात आली नाही.

फळ्या काढल्या त्या दिवशी पाहुणे बोलावलेले. भिंत अशी उतरली की पाहुणे पुढे होऊन तिच्यावर हात फिरवायला लागले. आणि डोळ्यांच्या उंचीवर तो शब्द, उठावाचा आणि उलटा. साहेबांनी आतून आरसा मागवला आणि भावाला सगळ्यांपुढे वाचायला लावलं. मग विचारलं, कुठल्या शाळेने तुला दीर्घ ऊ शिकवला? ताईसाहेब तेव्हा बारा वर्षांची. दीर्घ मिस्त्री हे नाव तिने काढलं. संध्याकाळपर्यंत मजुरांच्या तोंडी, महिन्याभरात गावाच्या. असला हात असलेला माणूस त्यानंतर मरेपर्यंत फळांच्या पेट्या ठोकत बसला.

साहेबांना शब्द छिनून टाकता आला असता. पण टाकी लागली तर भिंतीची शान जाईल ना! म्हणून पुढे पुस्तकांचं कपाट उभं केलं. त्या कपाटावरची धूळ मी अकरा वर्षं पुसली. मागच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर.

तेव्हा पडू दे. आणि मला शुद्धलेखन शिकवू नकोस. तुझी मुंज झालेली मी पाहिली नसली तरी तुझे लंगोट धुतले आहेत.

ऊत्तर धाड.

तुझी,
आत्या

दि. १९ जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तीन वेळा पत्र लिहून फाडले, हे चौथे.

घर पाडायचे की जपायचे हे एक सरकारी समिती ठरवणार आहे, तिच्यापुढे ताईसाहेबांनी लेखी निवेदन दिले आहे. लोकांनी वाचून हरकती घ्याव्यात म्हणून फाटकावर लावायला त्याची मोठ्या अक्षरात नक्कल काढायला सरांनी ते मलाच दिले. त्यात लिहिले आहे, की उत्तरेची भिंत मुळातली नाही. पहिल्या मिस्त्रीचे काम कच्चे निघाले, दुसऱ्याच वर्षी भिंतीला भेगा पडल्या, म्हणून ती पाडून दुसऱ्याकडून नव्याने ओतून घेतली. भिंतच मूळची नसेल तर घर जपण्यात अर्थ नाही. नकाशे विचारले तर ते वाळवीने खाल्ले.

हे सगळे मी माझ्या हाताने, ओळी आखून, सुवाच्य अक्षरात उतरवले. ‘कच्चे’ लिहिताना ब्रशचे केस वाकडे झाले.

आपल्याला घर पडायला हवे होते. पण असे नको. बाबांची थट्टा झाली, पण त्यांचे काम वाईट आहे असे साहेबसुद्धा कधी म्हणाले नव्हते. आता घर गेले तर जाताना एवढे एक वाक्य मागे ठेवून जाणार, आणि ते खोटे पाडायला भिंतही उरणार नाही.

समिती २८ तारखेला घर पाहायला येणार आहे. त्याच दिवशी निर्णय. भिंत जुनी आहे याचा पुरावा सरांकडे नाही. तो आपल्याकडे आहे, पण तो दाखवायचा म्हणजे तोच शब्द पुन्हा चारचौघांपुढे उघडा करायचा. तू सांगशील तसे करीन.

तुझ्या लोभावरच उभा असलेला,
भाचा

दि. २३ जानेवारी

चि. खोडरबरास,
अनेक आशीर्वाद.

अकरा वर्षांत त्या भिंतीला केसाएवढी चीर गेलेली मी पाहिली नाही. नव्याने ओतली म्हणे! मी काय त्या वर्षी झोपा काढत होते?

आता नीट वाच. घर पडता कामा नये. मी चुकले. पाडलं तर तिच्या मनासारखं होईल, आपल्या नाही. त्या घरात ज्यांना कधी बोलावलं नसतं ती सगळी माणसं पुढच्या दाराने आत येऊ देत आणि तिला ते बघत बसावं लागू दे. मला हे आधी कसं सुचलं नाही!

कपाट भिंतीला लावलेलं दिसतं, पण ते दोन बोल्टांवर आहे. खालून दुसऱ्या फळीमागे हात घाल, डावीकडे एक, उजवीकडे एक. चौदा नंबरचा पाना. ताईसाहेबांना हे माहीत नाही, कारण ते कपाट तिने कधी पुसलेलं नाही. माझं पत्र समितीपुढे वाच.

आणि आता एक गोष्ट, जी तुझ्या बापाने कोणाला सांगितली नाही. त्याला वाचता येत होतं, लिहिताना हात अडायचा. त्या दिवशी फळी घेऊन तो मागच्या दारी आला आणि मला विचारलं, ऊत्तर कसं लिहायचं. मी दोन इयत्ता त्याच्या पुढे. ऐटीत खडू घेतला आणि फळीवर लिहून दिलं. त्याने माझ्या खडूवरून पटाशी चालवली.

साहेब त्याला शाळा विचारत होते तेव्हा मी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी बोलले नाही. नोकरी गेली असती.

हेही वाच. सगळ्यांपुढे वाच.

तुझी,
आत्या

दि. २९ जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

काल सकाळी दहाला आम्ही आत गेलो. समितीच्या अध्यक्ष एक इंजिनियर बाई आहेत, कमी बोलणाऱ्या. ताईसाहेब आधीच येऊन बसल्या होत्या. मी कोण हे सांगितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि सरांकडे वळून म्हणाल्या, की दीर्घ मिस्त्रीचा मुलगा साक्षीला आणला असेल तर त्याचे शुद्धलेखन आधी तपासून घ्या. दोन माणसे हसली. मी ती दोन्ही लक्षात ठेवली आहेत.

मग तुझे पत्र वाचले. बोल्टांचा भाग आला तेव्हा ताईसाहेब उठून उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे, कपाट नाजूक आहे, हलवू नये. बाईंनी शांतपणे सांगितले, की कपाट पाडायची परवानगी तर तुम्हीच मागितली आहे, घरासकट.

चौदाचा पाना बरोबर बसला.

शब्द आहे, आत्या. मी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. ऊचे शेपूट अजून धारदार आहे. बाईंनी बोट फिरवले, वर-खाली फळ्यांच्या रेषा पाहिल्या, कुठे सांधा नाही हे पाहिले. दुसऱ्यांदा ओतली असती तर भिंतीत ही फळी पुन्हा कोण कशाला लावील, असे त्या स्वतःशीच बोलल्या. मग आरसा आहे का विचारले. माझ्या खिशात होता, दुकानातून मुद्दाम नेला होता. मी तो बाहेर काढला नाही. शेवटी ताईसाहेबांना पर्समधला काढावा लागला. बाई भिंत तपासण्यात गुंतल्या होत्या, म्हणून त्यांनी ताईसाहेबांनाच सांगितले, काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचा, नोंद करायची आहे.

त्यांनी वाचले. आवाज बसल्यामुळे बाईंनी दुसऱ्यांदा वाचायला लावले. ऱ्हस्व की दीर्घ, तेही विचारले. दीर्घ, असे ताईसाहेबांनी सांगितले, आणि बाईंनी ते लिहून घेतले.

पाडायची परवानगी नाकारली.

तुझ्या पत्राचा शेवटचा भाग मी वाचला नाही. तू सांगितले होतेस, पण ताईसाहेबांना हसायला आपल्या घरातले आणखी एक माणूस मी कशाला देऊ? तो कागद माझ्यापाशी आहे. बाबांनी ती गोष्ट इतकी वर्षे सांभाळली, पुढे मी सांभाळीन.

आशीर्वाद असावा, म्हणजे धीर राहतो.

तुझा,
भाचा

दि. ६ फेब्रुवारी

चि. खोडरबरास,
अनेक आशीर्वाद.

दुसऱ्यांदा वाचायला लावलं ती ओळ मी शेजारणीकडून चार वेळा वाचून घेतली. चष्मा जवळ होता, तरी घेतली.

न वाचलेल्या भागाबद्दल काही लिहीत नाही. लिहिता येत नाही.

मी आता पाटी घेऊन तो शब्द गिरवते. रोज वीस वेळा. या वयात वळण बदलायचं म्हणजे गुडघ्यापेक्षा जास्त दुखतं. पण शिकले.

उत्तर धाड.

तुझी,
आत्या

दि. २० एप्रिल

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

घर पुढच्या रविवारी लोकांसाठी उघडते आहे. पाट्या आमच्याच दुकानाला मिळाल्या. साहेबांचे नाव दाराशी, आणि भिंतीशी बाबांचे, आडनावासकट. दोन्हींची अक्षरे सारख्या उंचीची, मी फूटपट्टी लावून मोजली. बाबांचे किंचित जास्त भरते, पण ते फक्त मला माहीत आहे. खाली भिंतीवरचा शब्द, जसा आहे तसा, सुलट करून.

काल ताईसाहेबांचा माणूस दुकानात आला. निरोप असा, की शाळेची मुले येणार, निदान पाटीवर तरी शब्द शुद्ध असावा. मी त्याला बसवून चहा पाजला आणि त्याच्या देखत ऊचे शेपूट अर्धा इंच लांबवले.

तुझे गाडीचे तिकीट काढले आहे, सोबत पाठवतो. दाराशी तीन पायऱ्या आहेत, मी हात देईन. पुढच्या दाराच्या.

आणि आत्या, तुझ्या गेल्या पत्रात तो शब्द ऱ्हस्व पाहिला. एवढी वर्षे मीच मागे लागलो होतो, पण मला तो वाचवेना. परक्या माणसाचे पत्र आल्यासारखे वाटले. पाटी ठेवून दे. आपल्या घरात तो जसा लिहितात तसाच लिही.

ऊत्तर धाड.

तुझा,
खोडरबर