लागला का रे?

सर, परवा कंपनीत सगळ्यांचे डोळे तपासले. मी तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, या वयात नजर एकदम छान आहे तुमची." रांगेतली पोरं हसली. मला मात्र त्या स्टुलावर बसल्या बसल्या तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं होऊन गेली, तरी हे काही थांबत नाही.

दौंडला कबड्डीचा तो चषक व्हायचा, आठवतो ना? आठवणारच म्हणा. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या किरकोळ मंडळांसाठी होता, ज्यांना जिल्ह्याच्या स्पर्धेत कुणी हिंग लावून विचारत नव्हतं त्यांच्यासाठी. पासष्ट किलो वजनी गट, बाद पद्धत, हरला की गाशा गुंडाळून घरी. तुम्ही शाळेत पीटी शिकवायचा आणि शाळा सुटली की मागच्या मातीत आम्हा बिनकामाच्या गड्यांना घाम फोडायचा. शिस्त एकच. चढाईवाल्याचा हात लागला की आपण होऊन हात वर करायचा आणि बाहेर जायचं, पंचानं विचारायच्या आत. एकदा मी लागूनही गप उभा राहिलो. तुम्ही शिट्टी मारली. "लेका, लागलं ते तुला कळलं न्हाई व्हय? का कातडं गेंड्याचं हाय?" आणि आठवडाभर मला मैदानातले खडे वेचायला लावलंत. मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय शिव्या घातल्या, ते आता लिहीत नाही.

तवा रांजणगावला नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या. फायनलच्या दुपारी एका कंपनीचे साहेब मांडवात बसले होते. त्यांना कंपनीचा संघ काढायचा होता आणि जिंकणाऱ्या मंडळातले दोन गडी ते परमनंट घेणार होते. मी दोन वर्षं घरी बसून होतो, लग्न मोडलं होतं त्याच पायी. आणि समोर संघ कुणाचा, तर खुटबावचा, म्हणजे तुमच्या सासुरवाडीचा. गडी सकाळपासून तुम्हाला चिडवत होते, "सर, आज मेहुण्यांना जरा सांभाळून!" तुम्हीही हसत होता.

शेवटची चढाई. आपण एका गुणानं पुढं. त्यांचा गडी आत येतो, मी त्याच्या पाठीमागून वळतो, आणि त्याची बोटं माझ्या डाव्या टाचेला लागतात. ओझरती, पण लागतात. तो मध्यरेषा गाठतो. पंच पलीकडच्या बाजूला, त्यांना काही दिसलेलं नाही. माझा हात खांद्यापर्यंत उचलला जातो, सर, खरंच जातो, आणि मी त्याच हातानं कपाळावरचा घाम पुसतो. पंच गुण देत नाहीत, शिट्टी होते, आपण जिंकतो. तेवढ्यात तुम्ही मैदानात येता आणि म्हणता, "त्यांना गुण द्या. माझ्या गड्याला हात लागलाय. मी बघितलं." पंच माझ्याकडं वळून विचारतात, "लागला का रे?"

"न्हाई."

मग जो दंगा झाला! आपल्याच माणसांनी तुमची कॉलर धरली. "सासुरवाडीचं जेवण आठवलं का मास्तर?" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळे फिदीफिदी हसले. मला गड्यांनी खांद्यावर घेतलं होतं, तिथनं मला तुमचं टक्कल दिसत होतं आणि तुम्ही डोळे चोळत होता.

रविवारी तुम्ही आमच्या घरी आलात. आई चुलीवर चहा ठेवून शेजारी साखर आणायला गेली, तेवढ्यात तुम्ही हळूच म्हणालात, "आता कुणी न्हाई. मला एकट्याला सांग. लागला व्हता का?" माझ्या खिशात कंपनीचं पत्र होतं. मी म्हणालो, "न्हाई सर, आईच्यान." तुम्ही चुलीतलं लाकूड आत सारलंत. "मग माझ्याच डोळ्यात बिघाड हाय," म्हणालात. माझ्यावर संशय घ्यायचा होतात हो! चार मुस्काटात द्यायच्या होत्या. तुम्ही दौंडला डोळे तपासून आलात, मग पुण्याला. दोन्हीकडं सांगितलं, काही झालेलं नाही. तरी तुम्ही पंचगिरी सोडली, मंडळ सोडलं, आणि पुढं पुढं रस्ता ओलांडतानाही कुणाचा तरी दंड धरायला लागलात. चांगल्या डोळ्यांचा माणूस, सर.

तुमच्या दशक्रियेला घाटावर माइक होता. एकेक जण उठून श्रद्धांजली वाहत होता. तुमचा नावाजलेला गडी म्हणून मलाही उठवलं. मी ठरवून गेलो होतो की आज सांगून टाकायचं. माइक हातात घेतला, समोर तुमच्या घरच्या काकू बसल्या होत्या, आपलं जुनं मंडळ बसलं होतं, कंपनीतले चौघं माझ्याबरोबर आले होते. आणि मी म्हणालो, "सरांचं मन सोन्यासारखं होतं. शेवटी शेवटी नजरेनं तेवढा दगा दिला." माणसांनी माना डोलावल्या. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

काकू अजून त्याच घरात आहेत. माझ्या बसच्या वाटेवरच घर आहे. हे पत्र त्यांना वाचून दाखवायला दहा मिनिटं लागतील. मी दाखवणार नाही. नोकरीची पाच वर्षं राहिलीत, पण ते निमित्त झालं, आता मला कोण काढतंय! काकू मला बघितलं की म्हणतात, "सरांचा सगळ्यात खरा गडी तूच," आणि ते ऐकायला, सर, मला अजून आवडतं.