शेपटीचं लाकूड

३ एप्रिल १९८३, रविवार

खोकं उघडलं. तोंतोंच्या मुलाने इंग्लंडहून पाठवलेलं. आत दोन-पंखी विमान. म्हणजे विमान नाही, त्याच्या फासळ्या, काड्या, पट्ट्या, आणि अर्धं अंगण व्यापणारा नकाशा. पुरं झालं की पंख माझ्यापेक्षा वीतभर लांब होणार. इंजिन वेगळं, रेडिओचा डबा वेगळा. आपण खाली उभं राहून डब्यातल्या दांड्या हलवायच्या, वर विमान वळतं.

तोंतों म्हणजे माझे घरमालक. अख्खं ग्रां बुआ गाव त्यांना तोंतोंच म्हणतं, इथल्या फ्रेंच बोलीत काका. त्यांचे आजे रत्नागिरीकडून या बेटावर ऊस तोडायला आले ते इथलेच झाले. मी खोलीपुरता भाडेकरू, जेवायला आजीकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे.

तों. म्हणाले, "सदू, तू जहाजं करतोस, ह्ये बी कर. माज्यानं आता एकल्यानं व्हायचं न्हाय."

म्हटलं, जहाज उडत नाही तोंतों.

"म्हून तर!"

१० एप्रिल

लाकूड बघून हिरमोड. बाल्सा म्हणतात. नखाने खूण उठते, फुंकर मारली तर पट्टी टेबलावरून सरकते. सूयाकच्या आमच्या कारखान्यात शोभेची जहाजं होतात, काचेच्या पेटीत ठेवायची. सागवान नाहीतर कापराचं लाकूड. हलकं लाकूड लावणं म्हणजे तिथे चोरीच. हे असलं दिलं तर फोरमन डोक्यात घालेल. लागणार नाही म्हणा.

बाबांचा पांगारा आठवला, ते खेळणी करतात ते लाकूड, असंच हलकं. सावंतवाडीची आमची पडवी, ओंडके, लाखेचा वास, लाकडी केळी-पेरू-आंबे ओळीने वाळत घातलेले. निघताना जे बोललो तेही आठवलं.

२४ एप्रिल

तळाचा सांगाडा चिकटवला. काम तसं सोपं, नुसती सवय मोडायची. हात सारखा पितळी खिळ्याकडे जातो.

तों. लढाईत इजिप्तला होते. गोऱ्यांच्या तळावर विमानांच्या पंखांचं कापड शिवायचे. चार वर्षं. बसले एकदाही नाहीत. "आपुन शिवलेलं वर गेलं की खाली हुबं ऱ्हाऊन बगायचं. येवढ्या लांबनं टाके काय दिसत्यात! पर बगायचं."

डाव्या डोळ्याने त्यांना आता नुसतं धुकं. उजवाही चाललाय. तो आहे तोवर एकदा आपले टाके वर गेलेले बघायचेत. आजीने सांगितलं हे, ते स्वतः बोलत नाहीत.

१५ मे

केलं ते लिहून ठेवतो.

शेपूट जोडताना बाल्साची पट्टी हातात मोडली. दुसरी घेतली, तीही. चीड आली. सुकाणू शेपटीला, सगळा भार त्यावर, आणि लाकूड पापडासारखं! कारखान्यातून कापराचे तुकडे आणले, शेपूट पुरं त्याचं केलं. आडवी पट्टी, उभी पट्टी, सुकाणू. सुंदर झालंय. सांधा शोधून सापडणार नाही. बाल्साचे तुकडे आजीच्या जळणात टाकले.

तों. नी शेपटीवरून हात फिरवला. "बों! ब्येस! सगळं खोक्यातलंच ना?"

"हो," म्हटलं.

का म्हटलं कोण जाणे.

१२ जून

तों. कापड चढवताहेत. मला हात लावू देत नाहीत. उजवा डोळा टाक्यावर टेकवतात, मग डोळा मिटून नुसत्या बोटाने पुढचा टाका. प्रत्येक फासळीला गाठ, गाठीला गाठ. नकाशात शिवण नाहीच, नुसतं चिकटवा म्हणून आहे. "चिकटवायला ह्यो काय पतंग हाय?" वर ते डोप लावतात, वासाचं पातळ पिवळं औषध. कापड ढोलकीसारखं ताणतं.

आजी म्हणते, "माज्या लुगड्याला कवा टाका घातला न्हाय मेल्यानं."

तीन आठवडे हेच चाललं होतं. सगळ्यात शेवटी शेपूट. काल संपलं. उजवा डोळा लाल झालाय.

२६ जून

तोल बघितला. वरच्या पंखाखाली दोन खुणा आहेत, तिथे दोन बोटं लावून उचलायचं. सरळ राहिलं तर बरोबर. उचललं. शेपूट धप्पकन खाली.

तों. म्हणाले, नाकात शिसं घालू. सूयाकच्या कोळ्यांकडून जाळ्याची शिशाची वजनं आणली. एक घातलं. चार घातली. नऊ घातली तेव्हा सरळ झालं.

मला कळलं. लगेच कळलं. कापराचं नाव न काढता शिसं चिकटवून दिलं.

३ जुलै

साखर गिरणीचे इंजिनियर बघून गेले. मिस्ये म्हणतात त्यांना सगळे, म्हणजे साहेब. लहान विमानं उडवतात, हे तेच उडवणार होते. नाकातलं शिसं बघून मान हलवली. इतक्या वजनाने उठणार नाही, उठलंच तर पहिल्या वळणाला दगडासारखं पडेल. म्हणाले, मी नाही उडवणार.

ते गेल्यावर तों. पायरीवर बसले. मग, "डोप ज्यादा लावलं म्या शेपटाला. दिसत न्हाय म्हून दोनदा-दोनदा लावलं आसंल. माजाच हात ग्येला."

जेवायला न जाता खोलीत आलो.

८ जुलै, शुक्रवार

मुंबईच्या एजंटाचं पत्र. इथलं काँट्रॅक्ट सप्टेंबरात संपतं. १४ तारखेचं मुंबईचं तिकीट, तिथून दुबईला जागा आहे, सागवानाचं काम, कळव. पूर्वी असं पत्र आलं की बॅग डोळ्यांसमोर यायची. गोवा सोडला तेव्हा, मुंबई सोडली तेव्हा. आज घडी घालून ठेवलं.

न सांगता निघून जाता येईल. दोन महिने काढायचे फक्त. तों. मरेपर्यंत स्वतःच्या हाताला दोष देतील, तेवढंच.

१० जुलै

सांगितलं. दुपारी अंगणात, आजी तांदूळ निवडत होती तिच्यासमोर.

तों. : "लाकूड कंचं?"

"कापराचं."

"आयो! तरी म्हनलं. महिना झाला मला कापराचा वास येतोय. मला वाटलं म्हातारीनं कपड्यांत गोळ्या टाकल्या."

आजी : "मला कशाला मधी घालता?"

हसलं नाही कोणी. मग ते आत गेले. वाटलं, खोली सोडायला सांगणार. बाहेर आले ते दाढीचं पातं घेऊन. माझ्या हातात दिलं.

"काप."

"तोंतों, टाके..."

"टाके म्या मारंन पुन्यांदा. तू काप."

कापले. एकेक गाठ. माझ्या हाताने बापजन्मी असं वाईट काम केलं नाही. ते बाजूला उभे, तोंड उसाच्या शेताकडे.

१७ जुलै

बाल्सा नाही. इंग्लंडहून मागवायचा तर मी गेल्यावर येणार. फणस, आंबा, खोक्यांचं देवदार, सगळं बघून झालं. जड.

बसने येताना नदीच्या वळणावर कुंपणात एक झाड. पान नाही, अंगभर काटे, शेंड्याला लाल फूल फुटू लागलेलं. पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आलो. पांगारा!

तीन वर्षं रोज या झाडाखालून जातोय. इथे नूरूक म्हणतात, तों. नी सांगितलं. आमच्याकडे शिमग्याला फुलतो, इथे आषाढात. म्हणून ओळखला नसेल. की ओळखायचाच नव्हता.

बाबांना बोललो होतो ते हे : चुलीत घातला तर धड जळत नाही, त्यावर काय जन्म काढायचा? त्यांनी पांगाऱ्याचा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला, म्हणाले डोळे मीट. काही आहे का हातावर? मी तुकडा टाकून निघालो, एस.टी. धरली.

१८ जुलै

दोन फांद्या तोडल्या, मालकाला विचारून. चिरून आजीच्या चुलीवर शिंकाळ्यात, धुराला. घरी असंच टांगायचे. किती दिवस ते मात्र मला ठाऊक नाही. कधी विचारलंच नाही.

बाबांना पत्र. तीन वर्षांत पहिलं. चार कागद फाडले. शेवटी एवढंच : पांगारा धुरावर किती दिवस ठेवायचा ते कळवावे. इकडे सर्व ठीक.

७ ऑगस्ट

वाट बघवली नाही. वीस दिवस झाले म्हणून पट्ट्या काढल्या. सकाळी सरळ, संध्याकाळी धनुष्य. पहिली फांदी गेली. दुसरी अजून धुरात.

तों. म्हणतात, "तू लई घाईचा, गार्सों." गार्सों म्हणजे पोर. आजी म्हणते, पहिल्याच दिवशी चहा पिऊन जीभ भाजली होतीस.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

बाबांचं पत्र आलं. अक्षर त्यांचंच, मोठं, रेघ सोडून जाणारं. दोनदा कारखान्यात वाचलं, एकदा बसमध्ये.

"चि. सदास आशीर्वाद. पांगारा फुलाआधी तोडावा. फुलल्यावर तोडला असल्यास पाणी जास्त, तीस दिवस ठेव. सालीची बाजू वर. घाईने कापलेला वाकतो. तुझी आई बरी आहे. कसले खेळणे करतोस ते कळव."

तीस दिवस परवाच झाले. साल मात्र खाली होती. उलटली. अजून राहू दे. यावेळी दिवस मोजणार नाही, आजी सांगेल तेव्हा काढीन.

२८ ऑगस्ट

शेपूट झालं. पट्टी सरळ आहे, पाच दिवस उन्हा-सावलीत ठेवून बघितली. सुकाणू जोडण्याआधी तों. च्या तळहातावर ठेवलं. त्यांनी आपणहून डोळे मिटले.

"ठेव की," म्हणाले.

"ठेवलंय, तोंतों."

मी आत जाऊन तोंड धुतलं.

आता टाके. रोज एक वीत. उजव्या डोळ्यावर विशेष भरवसा नाही, सगळं बोटांवर. मी नुसता सुईत दोरा ओवून देतो.

४ सप्टेंबर

तोल : दोन बोटांवर सरळ. शिशाचा एकच तुकडा, नाहीतरी नकाशात तेवढा सांगितलाच आहे.

गिरणीमागच्या फुटबॉलच्या मैदानात नेलं. गणपतीला सहा दिवस, आजीने आधी विमानालाच कुंकू लावलं. ऊसतोड चालू, वारा आडवा, धूळ. मिस्ये म्हणाले आज उडवायचं नाही, नुसतं जमिनीवर पळवून बघू. इंजिन लागलं. पळालं. मैदानाच्या मध्याला गेलं आणि शेपूट उठलं. चाकं जमिनीवर, शेपूट वर, सरळ. मिस्येंनी लगेच इंजिन बंद केलं.

तों. नी माझं मनगट धरलेलं. "शेपूट उठलं का रे? मला नुसतं पिवळं पिवळं दिसलं."

"उठलं."

"आदी शेपूट उठतं. मग बाकीचं." घरी येईपर्यंत हेच.

पुढचा रविवार ११ तारखेला. वारा पडला तर. माझं विमान १४ ला, आणि एजंटाला अजून हो कळवलेलं नाही. नाही पण कळवलेलं नाही.

बाबांना लिहायला घेतलं. 'खेळणे म्हणजे एक विमान आहे. शेपूट पांगाऱ्याचे. आज शेपूट उठले.'

खाली निम्मा कागद कोरा आहे. रविवारसाठी तसाच ठेवलाय, नकाशाच्या घडीत.