जसंच्या तसं

५ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावजींचा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. आता त्यांना जिने चढू देऊ नकोस, नाहीतर ये रे माझ्या मागल्या.

मुख्य बातमी म्हणजे आमच्या ठकीचं कॉलेज सुरू झालं! जिच्यापुढे शाळेने हात टेकले होते, ती आता खांद्याला पिशवी अडकवून माझ्याआधी दारात उभी असते. डॉक्टरांच्या भाषेत बौद्धिक अपंगत्व, आपल्या भाषेत जरा सावकाश, अशी काही मुलं यंदा घेतलीत. त्यांना वेगळा वर्ग नाही, सगळ्यांबरोबर त्याच बाकांवर बसायचं. ठकीने बालसंगोपन घेतलंय, कारण तिला पुढे पाळणाघरात नोकरी करायचीय. शेजारी एक सोबतीण असते, वरच्या वर्गातली मुलगी. ती बाईंचं बोलणं सोपं करून सांगते, पान कुठलं ते दाखवते. तिचे केस कायम डोळ्यांवर, म्हणून ठकीने तिचं नाव झिपरी ठेवलंय. पोरगी गुणाची, तिने ते हसत हसत घेतलं.

पहिला गृहपाठ आलाय. कॉलेजच्याच पाळणाघरातल्या एका मुलाकडे नीट बघायचं आणि काय दिसलं ते वर्गाला सांगायचं. ठकी फोनमध्ये बोलते, मी कागदावर उतरवते. बाईंची ताकीद अशी की घरच्यांनी जसंच्या तसं उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही. इथेच माझं घोडं अडलंय. ठकीचं टिपण ऐक: तो खेळत नाही. तो दाराकडे बघतो. मी पण दाराकडे बघितलं. कोणी आलं नाही. मग त्याने मला त्याची गाडी दिली. संपलं.

अगं, हे काय टिपण झालं? माझा उभा जन्म छापखान्यात लोकांची मुद्रितं तपासण्यात गेला. अर्धवट वाक्य दिसलं की माझे हात शिवशिवतात, आणि ते पोटच्या पोरीचं असलं तर विचारूच नकोस. वर्गापुढे हे वाचलं की हसतील गं तिला. कागद तसाच पडलाय. काय करू?

लोभ आहेच, तो सल्ल्यासकट लवकर यावा.
तुझी,
धाकटी


१२ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझा प्रश्न वाचून मला हसूच आलं. आमच्या चिरंजीवांच्या वहीतले नकाशे कोणी रंगवले? मीच की! नद्या निळ्या, डोंगर तपकिरी. आज ते साहेब पूल बांधतात, पडला का एखादा? सगळ्या आया हेच करतात, फक्त बोलत नाहीत.

इतकी वर्षं लोकांनी ठकीला हसूनच घेतलंय. आता कुठे दार किलकिलं झालंय, ते चार तुटक वाक्यांपायी बंद नको व्हायला. दे थोडं सावरून. कोण येतंय बघायला? नियम करणाऱ्यांना लेकरं नसतात असं माझं ठाम मत आहे.

तुझे भावजी परवा जिना चढलेच. मी दोन दिवस अबोला धरलाय, पण त्यांना तो आवडलेला दिसतो.

मोठीचं ऐकावं आणि सुखाने झोपावं, हा आशीर्वाद.
तुझी,
ताई


७ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावू नकोस. लिहायला तोंड नव्हतं.

तुझं ऐकलं. आधी एकच शब्द बदलला. मग त्याच्या शेजारचा अवघडल्यासारखा वाटला, म्हणून तोही. असं करता करता ठकीचं एकही वाक्य उरलं नाही. मातेपासून दुरावल्यामुळे बालकाच्या मनात असुरक्षिततेची भावना बळावते, असलं काहीबाही मी लिहून दिलं. फोनमधलं तिचं बोलणं मात्र पुसवलं नाही. झिपरीने कागद वर्गात वाचून दाखवला आणि टाळ्या वाजल्या. ठकी घरी नाचत आली. ती वाचलेलं सगळं आपलंच समजली गं, अवघड शब्दांसकट. आणि मी तिला समजू दिलं.

पुढचं ऐक. बाईंना वाटलं, जिला इतकं सुचतं तिला सोबतीण कशाला? एक नवा मुलगा सोबतीवाचून खोळंबला होता, झिपरी त्याला दिली. आता ठकी बाकावर एकटीच. पान कुठलं ते कळत नाही, विचारायची चोरी, कारण ती हुशार ठरलीय. चाचणीत कोरा कागद देऊन आली. परवा जेवता जेवता मला म्हणाली की मी आधी हुशार होते, आता कॉलेजात जाऊन मठ्ठ झाले. असं म्हणून तिने कपाळावर हात मारून घेतला. एकदा नाही, मी धरेपर्यंत मारत होती.

खरं सांगावं तर नियम असा की घरच्यांचा हात दिसला तर मुलाची जागा जाऊ शकते. न सांगावं तर पोर हातची जातेय. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेली.

लोभ कमी करू नकोस, एवढंच मागते.
तुझी,
धाकटी


१३ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी तुझ्यावर चिडले, मग त्या बाईंवर. संध्याकाळी कळलं की चिडायला हवं ते माझ्यावर. शहाणपणा शिकवायला गेले आणि पोरीच्या शिक्षणाचा खेळखंडोबा केला.

नकाशांची फुशारकी मारली, पण एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. आमच्या चिरंजीवांना ठाऊक होतं की नकाशा आईचा आहे. ठकीला ठाऊक नाही. ती आपलंच काही बिघडलंय असं धरून बसलीय. हे तिच्या डोक्यात मुरण्याआधी जा आणि सांग. बाईंना सांग, सल्ला माझा होता तेही सांग. पण आधी ठकीला सांग. जागा गेली तर गेली म्हणवत नाही मला, पण तरी सांग.

उत्तराची वाट बघणारी,
ताई


२२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी ठकीला सांग म्हणालीस. मी भित्रट, आधी बाईंकडे गेले.

बाईंनी ठकीचं फोनमधलं बोलणं ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या की चूक त्यांचीही आहे. वरच्या लोकांना दाखवायला त्यांना एक हुशार मुलगी हवीच होती, म्हणून त्यांनी ठकीला त्या टिपणाबद्दल साधा एक प्रश्नही विचारला नाही. पण नियम तो नियम. टिपण रद्द, ठकीने नवं करायचं. पास झालं तर जागा राहील, नाहीतर नाही. झिपरी परत मिळणार नाही, तो मुलगा आत्ता कुठे रुळलाय. दुसरा कोणीतरी सोबती देणार आहेत.

घरी येऊन ठकीला समोर बसवलं. तिने आधी स्वतःचा आवाज ऐकला, मग माझा कागद वाचायला लावला. टाळ्या कशाला वाजल्या ते विचारलं. मी कागदाकडे बोट दाखवलं. ती मला म्हणाली की माझं वाईट होतं का. मी नाही म्हणाले. तर म्हणाली की मग का बदललंस. ताई, लोक हसतील म्हणून, असं म्हणणार होते, पण खरं तर मलाच लाज वाटली होती. तिची.

तिने ताट उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन जेवली. तेव्हापासून तिथेच जेवते.

भावजींना नमस्कार. माझ्यावर लोभ ठेवशील ना?
धाकटी


५ ऑक्टोबर

मावशीला नमस्कार.

हे पत्र मी सांगते. नवीन सोबती लिहितो. तो खूप बोलतो. मी त्याला सांगितलं, लिहिताना बोलायचं नाही. लिहून झाल्यावर मी वाचायला लावलं. त्याने एक शब्द छान केला होता. मी तो काढायला लावला.

मी नवीन टिपण केलं. पाळणाघरात एक मुलगी आहे, ती चावते. का चावते ते मला माहीत नाही. मी तेही सांगितलं. टाळ्या नाही वाजल्या. एकाने विचारलं की कुठे चावते. मी हात दाखवला. मग सगळे हात बघायला आले. बाईंनी पास केलं. काठावर. माझी जागा राहिली.

आई म्हणते सगळी चूक तिची. पण तू पण सांगितलं होतंस तिला. ते मला तुझ्या पत्रातून कळलंय.

आई रोज विचारते की राग गेला का. मी खोटं सांगत नाही. अजून गेला नाही. तुझ्यावरचा पण नाही. गेला की मी दोघींना कळवीन. तोपर्यंत आईने मला सारखं विचारू नये, असं तू तिला लिही. तू मोठी आहेस, तुझं ती ऐकते.

तुझी,
ठकी