कुरोसेची शाळा आणि माझा उलटा शिक्का

प्रिय शिनो,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे आणि गुडघ्यांना तेल लावत जा. पत्राच्या सुरुवातीला ऋतूचं वर्णन करायचं असतं म्हणून करते: थंडी आहे, संत्री पिवळी झाली आहेत, रानडुकरं ती खातायत. झालं वर्णन. तब्येतीची चौकशी करायला हवी, पण तू फोनवर पाऊण तास तेच सांगतेस, त्यामुळे तुझी तब्येत मला पाठ आहे. तुझे यजमान अजून ऐकू येत नसल्याचं सोंग करतात का? करू देत, बिचाऱ्यांना तेवढाच विसावा. (राग मानू नकोस. मानलास तरी ओसाका इथून लांब आहे.)

आता ऐक. मी सध्या शिक्षणाचं धोरण ठरवते आहे. पत्र खाली ठेवून हसून घे, मग पुढे वाच. त्याचं झालं असं, की डुकरांनी बागेच्या वरच्या तीन पायऱ्यांवरची संत्र्याची झाडं मुळापासून उकरली म्हणून मी तक्रार करायला नगरपालिकेत गेले आणि एक मजला जास्त चढले. तिथे शिक्षण विभागाचे प्रमुख कुसाकाबे बसले होते. मला पाहून त्या माणसाचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं माझ्यामागे कुणी तरुण बाई उभी आहे. त्यांच्या 'शाळांचं उज्ज्वल भवितव्य समिती'त बारा माणसं लागतात आणि त्यात एक स्थानिक, सत्तरीपुढची बाई असावीच लागते. आधीची होती ती उन्हाळ्यात वारली, आणि नियमाप्रमाणे सभासद सलग दोन बैठकांना आला नाही की त्याची जागा रिकामी होते. (मेलेल्या माणसाने एक बैठक चुकवली तर चालतं का, असं मी विचारलं. चालतं म्हणाले.) मी म्हटलं, अहो, माझं शिक्षण कसंबसं तिसरीपर्यंत. तर म्हणाले, "आजी, तेच तर हवंय!" डुकरांचं राहिलंच.

आपली शाळा कसली होती ते तुला आठवायचं नाही, तू माझ्या पाठीवर बांधलेली असायचीस. युद्धाच्या शेवटच्या वर्षी धड्यांऐवजी पाइनची मुळं खणली, त्यातून म्हणे विमानाचं तेल निघणार होतं. मग हरलो. बाईंनी शाई आणि कुंचला हातात देऊन सांगितलं, पुस्तकातल्या लढाईच्या कौतुकाच्या या या ओळी काळ्या करा. मला जेवढं वाचता येत होतं, त्यातलं निम्मं त्या काळ्या पट्ट्यांखाली गेलं, ते आजतागायत वर आलेलं नाही. दोन्ही वेळा कुठेतरी बैठक झाली असणार. चांगल्या कपड्यातल्या माणसांनी चहा घेतला असणार, शिक्के मारले असणार, आणि इकडे नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात कधी कुदळ आली तर कधी शाई. म्हणून म्हटलं, मरायच्या आधी एकदा बघू तरी, हे लोक ठरवतात कसं.

तर ठरवतात ते असं. बैठकीच्या आधीच ठरलेलं असतं. खुर्चीत बसल्याबसल्या प्रत्येकाला त्याच बैठकीचा वृत्तांत छापून हातात देतात. आमच्या वृत्तांतात 'दीड तास सखोल चर्चा झाली' असं होतं. चर्चा अठरा मिनिटांत संपली. मग कागद खोटा ठरू नये म्हणून उरलेला वेळ आम्ही बाराही जण मांडीवर हात ठेवून गप्प बसलो. मधूनमधून एक दोघं "हंऽ" म्हणत होते, ते सखोलपणासाठी.

आणि ठरलं काय होतं? आपल्या कुरोसेची शाळा एप्रिलपासून बंद. मुलं उरली सहाच, त्यांना बसमध्ये घालून घाटापलीकडच्या मोठ्या शाळेत न्यायचं. त्या सहांतली एक माझी पणती नाझुना, दुसरीत आहे. पोरगी झोपाळ्यावर बसली तरी ओकते. तिने रोज सत्तर मिनिटं जायचं आणि सत्तर मिनिटं यायचं, एका वेळी चौसष्ट वळणं. मी मोजली आहेत. अहवाल टोकियोच्या योनेयामा प्राध्यापकांनी लिहिलेला. त्यात कारण दिलं होतं, की कुरोसेच्या शाळेच्या छपरावर हिवाळ्यात दोन मीटर बर्फ साचतं, म्हणून इमारत धोक्याची आहे. शिनो, आपल्याकडे संत्री पिकतात! मी विचारलं, हे बर्फ कुठलं? प्राध्यापक जराही न लाजता म्हणाले, हा अहवाल उत्तरेकडच्या एका गावासाठी केला होता, तिथे फार नावाजला गेला. मी म्हटलं, मग निदान आता बर्फ तेवढं काढा. कुसाकाबे घाबरून म्हणाले, "नको आजी, पानांचे क्रमांक चुकतील."

मग तो कागद सहीऐवजी ज्याच्या त्याच्या नावाच्या शिक्क्यासाठी घरोघर फिरला. माझ्याकडे आला तेव्हा मी मुळ्याचं लोणचं घालत होते. हात मिठाचे, डोळ्यांत मोतीबिंदू, शिक्का बोटांत फिरला आणि उलटा उमटला. मी फुंकर मारून कागद परत दिला.

तिसऱ्या दिवशी कुसाकाबे मांजू मिठाईचा डबा घेऊन दारात. त्यांच्याकडे म्हणे साहेबाच्या शिक्क्याशेजारी आपला शिक्का मारताना तो जरा त्याच्याकडे झुकवतात, म्हणजे शिक्काच वाकून नमस्कार करतो. आणि उलटा मारला तर त्याचा अर्थ, तोंडाने नाही म्हणवत नाही, पण हे मला मान्य नाही. त्या इमारतीत चाळीस वर्षांत कुणी उलटा शिक्का मारला नव्हता. माझा नंबर नववा. पुढच्या दोघांना वाटलं, म्हातारीच्या मागे नक्की कुणीतरी मोठा माणूस आहे, म्हणून त्यांनीही आपले उलटे मारले. शेवटच्याने भानगड नको म्हणून आडवा मारला. आता तो कागद पुढेही जाईना आणि मागेही येईना.

"आजी, तुमच्या मनात नेमकं आहे तरी काय?"

"काही नाही हो."

त्यांनी वहीत लिहून घेतलं: भूमिका ठाम. पुढच्या वेळी डबा मोठा आला. त्याच्या पुढच्या वेळी दोन डबे आणि त्यांचे वरचे साहेब आले. मनात काही नाही असं मी जितकं सांगे, तितके ते जास्त वाकत. शेवटी म्हटलं, मनात काही नसताना एवढं मिळतंय, तर काही आणूनच बघावं. सांगितलं, सगळ्या समितीने सकाळी सातच्या बसने घाट ओलांडायचा. पाठीवर दप्तर, मागच्या सीटवर.

त्यासाठी एक उपसमिती झाली आणि तिचा वृत्तांत आधीच छापून आला: 'प्रवास सुखद झाला.' प्राध्यापक टोकियोहून नवं दप्तर विकत घेऊन आले. (पावती जपून ठेवली होती.) अकराव्या वळणापर्यंत ते लांबच्या शाळेचे फायदे सांगत होते. एकोणिसाव्याला गप्प झाले. एकतिसाव्याला पिशवी मागू लागले. नाझुना शेजारीच बसली होती, या विषयातली जाणकार. ती म्हणाली, "काका, लांब समुद्राकडे बघा. तोंडाने श्वास घ्या. आणि आता बोलू नका हं, बोललं की येतं." काका 'धन्यवाद' म्हणायला गेले आणि आलंच. सगळं त्यांच्याच अहवालात गेलं, बर्फाच्या पानासकट. मग नाझुनाने आपली पिशवी काढली, तिच्यात व्यवस्थित ओकली, गाठ मारली आणि पाढे म्हणू लागली. तिचं बघून आणखी सात जण सुरू झाले. पलीकडे उतरल्यावर सगळ्यांनी हिरव्या तोंडाने प्रवास सुखद झाला असं एकमेकांना सांगितलं, आणि परत येताना बसकडे न बघता बोट केली.

आठवड्यात नवा मसुदा आला. शाळा अजून तीन वर्षं चालू. कारण? हिवाळ्यात घाटात दोन मीटर बर्फ साचतं, लहान मुलांना धोका नको. पानांचे क्रमांक तेच. मी या वेळी शिक्का सरळ मारला आणि प्राध्यापकांच्या बाजूला जरा झुकवला, माणूस अजून पिवळा होता.

बाकी ठीक. लोणचं मुरलं की पाठवते.

तुझी ताई,
मित्सुए

ता.क. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन मे महिन्यातच झालं, ते तुला सांगायचं राहिलं. आता मुंगीचे पाय मोजते. आणि आमच्या ह्यांनी संत्र्यांच्या सोसायटीत बत्तीस वर्षं शिक्के मारले, पण एकदाही उलटा मारायची छाती झाली नाही, याची हळहळ मरेपर्यंत मला ऐकवली. कुसाकाबेंना यातलं काही कळता कामा नये.

आणखी ता.क. पाकीट बंद करत होते तेवढ्यात कुसाकाबे येऊन गेले. हातात डबा नव्हता, तेव्हाच मला संशय आला. म्हणे शिक्के बंद. यापुढे सगळं ईमेलवर, आणि मुदतीत ज्याचं उत्तर आलं नाही त्याची संमती धरायची. "आजी, आता तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागणार नाही!" पहिलाच विषय, 'तीन वर्षं' याच्या जागी 'तीन महिने'. मुदत पुढच्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत. माझ्याकडे ते यंत्र नाही. शाळेत एक आहे, पण त्याच्यावरून पाठवलं तर ते शाळेचं मत धरतात, आणि शाळेला मत नसतं. तेव्हा खरं काम हे, की तुझी सून दिवसभर त्या यंत्रापुढे बसते म्हणून तू बोटं मोडतेस ना, तिला यंत्रासकट बुधवारी इकडे पाठव. बोटीने ये म्हणावं, बसने नको. आणि निघायच्या आधी तिला एवढं विचारून ठेव, ईमेल उलटा कसा पाठवतात?