पिंजऱ्यांखालचा चिखल

प्रिय ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. भाऊजी आणखी पिंजरे टाकणार, आणि त्यांची जाळी तू दारात बसून विणतेयस. बोटं सोलली तरी अक्षर मात्र तसंच टपोरं.

माझं ठीक चाललंय. प्रयोगशाळेची खोली कोंदट आहे, स्पिरिटच्या वासानं डोकं चढतं, आणि तू चिडवतेस तशी घरातली पहिली पदवीधर दिवसभर चिखल चिवडत असते.

मी तळ्याच्या तळातला चिखल काढायला आले होते, तो दिवस सारखा आठवतो. तूच होडी वल्हवत मला तुमच्या माशांच्या पिंजऱ्यांपाशी नेलंस. इथला घे, म्हणालीस, आमच्या माशांचं उष्टं खाऊन इथले किडे कसे गुबगुबीत झालेत बघ. चिखल चाळणीत धुतला, तर लाल अळ्यांची नुसती वळवळ. इतके जीव दुसरीकडे कुठेच सापडले नव्हते. भाऊजींनी काठावरच्या सगळ्यांना बोलावून चाळणी दाखवली. आमच्या पाण्यात बरकत आहे, म्हणाले. मला तेव्हाच खटकलं होतं. पण नीट निवडून पाहिल्याशिवाय बोलायचं नाही, हेच तर आम्हाला शिकवलंय.

आता पाहून झालंय. ताई, जीव पुष्कळ आहेत, पण सगळे एकाच जातीचे. पलीकडच्या काठाला शिंपले आहेत, गोगलगायी आहेत, तीन शेपट्यांचे नाजूक किडे आहेत. तुमच्याकडे फक्त त्या अळ्या, ज्या प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यातही तग धरतात. पिंजऱ्यांतून पडलेलं खाद्य आणि घाण खाली कुजतेय आणि तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपवतेय. एखाद्या वादळानं ते पाणी वर ढवळलं, तर तुमचे मासेही जातील. मी पुन्हा चिखल मागवला, पुन्हा निवडला. माझंच चुकलेलं निघावं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. निघालं नाही.

आज सकाळी अहवाल दिला. पिंजरे काढावेत, असं त्यात लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. आमच्या मुख्य बाई म्हणाल्या, तुझ्या घरचा मामला आहे, तुझं नाव गाळू या. मी नको म्हटलं. तळ्याचं खरं सांगायचं आणि तुमच्यापासून तोंड लपवायचं, हे मला जमणार नाही. अहवाल घेऊन आमच्या ऑफिसची माणसं दारात यायच्या आत तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र. नवे पिंजरे टाकू नका. आणि भाऊजींना सांगताना मला पाठीशी घालू नकोस. लहानपणापासून माझ्या वाटची बोलणी तूच खात आलीस. ही तेवढी माझी मला खाऊ दे.

तुझीच,
धाकटी