घंटीचं चित्र

मंगळवार संध्याकाळ, चँडलर, अमेरिका

सुलभाकाकू आता बऱ्या आहेत.

आमच्या कंपनीचं, शुगरवर लक्ष ठेवणारं आणि ती उतरली की अलार्म वाजवणारं ॲप शेजारच्या या काकूंच्या फोनवर मीच टाकून दिलं होतं. त्यातले सगळे आयकॉन, बटणांवरची छोटी चित्रं, मीच काढलेले. दुपारी मी डबा परत द्यायला गेले, तर काकू किचनमध्ये खाली बसलेल्या, घामाने भिजलेल्या. शुगर पार उतरली होती. त्यांना साखरेचं पाणी पाजलं, ॲम्ब्युलन्स बोलावली.

जरा सावरल्यावर म्हणाल्या, "अगं, ॲप वाजलं तशी मी घंटी दाबली ना! तीनदा. वाटलं, कुणीतरी येईल."

ती घंटी मी अलार्म बंद करायला काढली होती! टेस्टिंगमध्ये कुणीच चुकलं नव्हतं. पण टेस्टिंगला होतं कोण? आमच्याच ऑफिसातले, तिशीतले. घंटी दाबली की माणूस येतो, हे मला कसं सुचलं नाही?

मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, एकाच युजरचा प्रॉब्लेम आहे, गुरुवारी नवीन व्हर्जनचं रिलीज आहे, त्यानंतर बघू. मी म्हटलं, "रिलीज थांबव, नाहीतर मी सेफ्टी टीमला लिहिते." तो म्हणाला, "आर यू शुअर?"

होते का मी शुअर? व्हिसा या नोकरीवरच आहे. तरी लिहिलं. पहिल्याच ओळीत, हे चित्र मी काढलंय.

आत्ताच उत्तर आलं. रिलीज थांबवलंय. उद्या नऊला मला भेटायला बोलावलंय. कशासाठी, ते लिहिलेलं नाही.