पकडलेल्या जहाजाचं नवं नाव

रविवार, संध्याकाळ. चोआ चू कांग, सिंगापूर.

आजच्या बशीभर पोह्यांची खरी किंमत: अख्खा रविवार, पार नोव्हेनाला व्याह्यांच्या घरापर्यंतची रपेट आणि एका जहाजाचं सबंध चरित्र.

आमच्या अनघाचे होणारे सासरे, सबनीस, यांना जुन्या लढाऊ जहाजांचा नाद. त्यांच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत शिडाच्या जहाजाची प्रतिकृती. मूळ जहाज डचांचं. इंग्रजांनी लढाईत पकडलं, डच नाव खरवडून आपलं घातलं. "आणि मग नशीब उघडलं बघा त्याचं!" हे तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांची नजर अनघाकडे होती. तेव्हाच ओळखलं, गलबत कुठे निघालंय ते.

"लग्नात ताटात तांदूळ पसरून हिचं नवं नाव लिहायचं. शर्वरी ठरवलंय आम्ही. घरची रीतच आहे."

ठरवलंय म्हणे! पोरीचं नाव मी ठेवलं, आणि हे खरवडायला निघाले? इथल्या गोदीत वेल्डर म्हणून आलो मी. गंज खरवडतात, नाव नव्हे. तरी हसत बसलो. का? व्याही पडले ना! आमचा होणारा जावई निखिल नुसता चहा ढवळत होता.

अनघाने गोड आवाजात विचारलं, "काका, नवं नाव मिळाल्यावर त्या जहाजाने कुठल्या लढाया जिंकल्या?"

सबनीस पेटीची काच पुसायला लागले.

निखिलने चमचा खाली ठेवला. "बाबा, खरं सांगा ना. एकही नाही. डोलकाठ्या उतरवून बंदरात बांधून ठेवलं होतं त्याला. आत कैदी ठेवायचे."